बोनेटखाली चिवचिव, चिरचिर की घरघर? पट्टा बदलण्याआधी हे तपासा

मागच्या हिवाळ्यात मी सकाळी गाडीला सेल्फ मारला की आख्ख्या गल्लीला कळायचं, मॅडम शाळेला निघाल्या. बोनेटखालून असा चिवचिवाट व्हायचा की शेजारच्या खाला एकदा म्हणाल्या, "बेटा, गाडीत चिमण्या पाळल्या का?"

गाडी आमची सेकंड-हँड, डिझेल. पहिल्या गॅरेजमध्ये नेली. आवाज ऐकला न ऐकला तोच निकाल लागला, "पट्टा गेला." नवा पट्टा टाकला, दहा दिवस गाडी शांत. अकराव्या दिवशी चिमण्या परत. दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलं की आधीचा पट्टा डुप्लिकेट होता. पुन्हा नवा पट्टा, पुन्हा मजुरी. महिनाभराने आवाज आला तेव्हा तिसऱ्या ठिकाणी सांगण्यात आलं, "डायनमो बदलावा लागेल." त्याचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली.

शेवटी आमच्या शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हर मला कामठी रोडवरच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे घेऊन गेले. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. चाचांनी आधी पाना हातात घेतलाच नाही. विचारलं, "आवाज थंड गाडीत येतो की गरम? एसी लावल्यावर वाढतो का? रेस दिल्यावर?" मग गाडी बंद करायला लावली, पट्टा काढला आणि एकेक पुली हाताने फिरवून पाहिली. एका लहानशा पुलीवर त्यांचा हात थांबला. मलाही फिरवून बघायला सांगितली. आत वाळू भरल्यासारखी ती खरखरत होती, आणि थोडी डुगडुगतही होती. चाचा म्हणाले, "मॅडम, पट्टा खुद नहीं रोता. उसको कोई रुलाता है."

ती पुली बदलली. पट्टा तोच ठेवला. डायनमोला कुणी हातही लावला नाही. जे काही शे रुपयांत झालं, त्यासाठी मी आधी दोन पट्टे आणि दोनदा मजुरी घालवली होती.

हे सांगायचं कारण असं की आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सेकंड-हँड गाड्या आहेत. आता आपल्या बहिणी-मुलीही गाडी चालवतात, आणि गॅरेजमध्ये गेल्यावर "यांना काय कळतं" अशा नजरेने पाहिलं जातं. मी मिस्त्री नाही, विज्ञान शिकवणारी शिक्षिका आहे. पण आवाज ओळखायला मिस्त्री असावंच लागतं असं नाही. आवाज बहुतेक वेळा पट्ट्यातून ऐकू येतो, पण दोष पट्ट्यातच असेल असं नाही. आधी कोण बोलतंय ते शोधायचं, मग पैसा खर्च करायचा.

पट्टा नेमकं काय करतो?

इंजिनाच्या एका बाजूला खाली एक मोठी पुली असते, ती क्रँक पुली. इंजिन फिरलं की ती फिरते. तिच्यावरून रबराचा एक लांब पट्टा जातो आणि इतर भागांना फिरवतो. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, ज्याला मिस्त्री डायनमो म्हणतात. एसीचा कंप्रेसर. इंजिनात पाणी फिरवणारा वॉटर पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी. आणि जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप. काही गाड्यांत एकच लांब पट्टा नागमोडी वळणं घेत सगळ्यांवरून जातो, काहींत दोन वेगळे पट्टे असतात.

या रस्त्यात आणखी दोन पुल्या भेटतात. एक टेन्शनर, जो स्प्रिंगच्या जोरावर पट्टा ताणून धरतो. दुसरी आयडलर, जी काहीच चालवत नाही, फक्त पट्ट्याला वळण देते. माझ्या गाडीत हीच बिघडली होती. दिसायला बिनकामाची, पण तिच्या आतलं बेअरिंग गाडी चालू असेपर्यंत गरगर फिरत असतं. क्रँक पुली मोठी आणि अल्टरनेटरची पुली लहान असल्यामुळे, इंजिन नुसतं उभ्या उभ्या मिनिटाला आठशे फेरे घेत असलं तरी अल्टरनेटर दोन हजारांच्या वर फिरत असतो. अशा वेगात बेअरिंगमधलं ग्रीस सुकलं तर ते किती दिवस गप्प बसेल?

त्यात आपलं नागपूर. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. बाहेर एवढी भट्टी असेल तर बोनेटखाली काय होत असेल? उष्णतेने रबर कडक होतं, ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, आणि रस्त्यांच्या कामांची धूळ आत शिरते. मग पाऊस येतो आणि त्याच धुळीचा चिखल पुलीच्या खाचांत बसतो. उन्हाळ्यात दबलेला दोष पावसाळ्यात किंवा हिवाळ्याच्या सकाळी आवाज करतो, तो असा.

कोणता आवाज काय सांगतो?

*लांब किंचाळी, चीईईई.* गाडी सुरू केल्यावर, एसी लावल्यावर, हेडलाइट लावून रेस दिल्यावर येते. वर्गात फळ्यावर खडू सरळ धरला की कसा किंचाळतो? खडू क्षणभर चिकटतो, क्षणभर घसरतो, हे इतकं भराभर होतं की आपल्याला एकच आवाज ऐकू येतो. पट्टाही पुलीवर तसाच घसरतो. कारण पट्टा सैल, टेन्शनर कमजोर, पट्टा गुळगुळीत झालेला किंवा त्यावर तेल-कूलंट पडलेलं. थंडीच्या सकाळी हा आवाज जास्त येतो, कारण सेल्फ मारताना बॅटरी खर्च होते, मग ती भरायला अल्टरनेटरवर एकदम भार पडतो. जुन्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंचाळी आली तर स्टिअरिंग पंपावर भार पडून पट्टा घसरतोय असं समजा. नव्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग विजेवर चालतं, तिथे हा प्रश्न येत नाही.

*तालात चिवचिव.* चिमणीसारखी, ठराविक अंतराने. गाडी उभी असताना स्पष्ट येते, रेस दिली की भराभर होत जाते आणि इंजिनाच्या आवाजात बुडते. याचं नेहमीचं कारण म्हणजे एखादी पुली बाकीच्यांच्या सरळ रेषेत नसणं. पट्टा खाचेत तिरका शिरतो आणि प्रत्येक फेरीला कडेला घासतो. बेअरिंग डुगडुगलं की पुली वाकडी होते. मग नवा पट्टा चार दिवस गप्प राहतो आणि पुन्हा सुरू. माझ्या गाडीत हेच झालं.

*घरघर, गुरगुर.* सतत येणारा जाड आवाज, रेसबरोबर वाढणारा. जुन्या टेबलफॅनचं बेअरिंग गेल्यावर येतो तसा. हा आवाज पट्ट्याचा नाही, बेअरिंगचा. आयडलर, टेन्शनर, अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा कंप्रेसरची पुली, यांपैकी कुणीतरी. कंप्रेसरबाबत एक खूण लक्षात ठेवा. ज्या गाड्यांत एसीला क्लच असतो, त्यांत एसी बंद असतानाही बाहेरची पुली फिरतच असते. म्हणून एसी बंद असताना घरघर आणि लावल्यावर फरक पडला, तर पुलीच्या बेअरिंगवर संशय. एसी लावल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लच किंवा कंप्रेसरच्या आत बघावं लागेल.

*खडखड.* डबा हलवल्यासारखी. टेन्शनरची स्प्रिंग थकली की त्याचा हात जागेवर थरथरतो आणि पट्टा फडफडतो. काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुली एकाच दिशेला पकड घेणारी असते. ती खराब झाली की गाडी बंद करताना एक-दोन सेकंद खर्रर्र असा आवाज येतो. क्रँक पुलीतही धक्के शोषणारा रबराचा थर असतो. तो सुटला की पुली लचकताना दिसते आणि ठकठक येते. पुष्कळदा ही ठकठक इंजिनाच्या आतली समजून लोक घाबरतात.

*फटफट, चाबूक मारल्यासारखी.* पट्ट्याची एखादी धार फाटून आजूबाजूला आपटते आहे. इथे तपासणी-बिपासणी नाही. गाडी बाजूला घ्या आणि बंद करा.

घरी काय तपासता येतं?

आधी जिवाची काळजी. इंजिन चालू असताना बोनेटमध्ये वाकायचं तर ओढणी, दुपट्टा, बुरख्याची सैल बाही, बांगड्या, गळ्यातली साखळी, मोकळे केस, सगळं आवरा. पट्ट्यात ओढणीचं टोक गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. मुलांना लांब उभं करा. रेडिएटरचा विजेवरचा पंखा आपोआप सुरू होतो, काही गाड्यांत चावी काढल्यावरही, त्यामुळे तिथे हात नको. शटर लावलेल्या बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका, धूर जीव घेतो.

पहिली तपासणी नुसती कानाची आहे. एक कागद घ्या आणि लिहा: आवाज थंड गाडीत येतो की तापल्यावर? एसी बंद-चालू केल्याने बदलतो का? रेस दिल्यावर वाढतो, कमी होतो की तसाच राहतो? पावसानंतर येतो का? जमलं तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. गॅरेजमध्ये पोहोचल्यावर गाडी हमखास गप्प बसते, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

दुसरी तपासणी पाण्याची. झाडांवर पाणी मारायची छोटी फवाऱ्याची बाटली घ्या. गाडी उभ्या उभ्या चालू ठेवा, आवाज येत असताना लांबून पट्ट्याच्या खाचेच्या बाजूवर थोडंसं साधं पाणी मारा. अल्टरनेटरवर पाणी उडवू नका. आता ऐका. आवाज *वाढला* तर पट्टा घसरतोय, कारण पाण्याने उरलीसुरली पकडही कमी केली. म्हणजे ताण किंवा टेन्शनर बघा. आवाज *थांबला आणि पाणी सुकल्यावर परत आला* तर पुली रेषेत नाही, कारण पाण्याने घासणारी कड तेवढ्यापुरती वंगणासारखी ओली केली. आणि *काहीच फरक पडला नाही* तर संशय बेअरिंगवर.

तिसरी तपासणी पट्टा काढून पुल्या फिरवण्याची. ही मिस्त्रीकडेच करून घ्या, पण समोर उभं राहून. इंजिन बंद आणि थंड हवं. चांगली आयडलर पुली गुळगुळीत फिरते आणि आवाज करत नाही. खरखर, अडखळणं किंवा डुगडुगणं, यांतलं काहीही असेल तर ती गेली. एखादी पुली झटका दिल्यावर सायकलच्या चाकासारखी मोकळी गरगरत राहिली, तर तीही चांगली खूण नाही. आतलं ग्रीस संपलेलं असू शकतं.

तरी समजलं नाही तर मिस्त्री पट्टा काढलेला असतानाच इंजिन काही सेकंद चालवून बघतात. आवाज गेला तर दोष पट्ट्याच्या रस्त्यात आहे. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाच्या आतला आहे आणि पट्टा, पुली, डायनमो हे सगळे बेगुनाह. पण हे अर्ध्या मिनिटाच्या आतच आटोपायला हवं, कारण पट्ट्याशिवाय बऱ्याच गाड्यांत पाणी फिरत नाही.

आपल्या शहराचीच एक गोष्ट आठवते. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं. मोबाइलवर तो आकडा सगळीकडे फिरला. नंतर हवामान खात्याने स्पष्ट केलं की सेन्सरच बिघडला होता. उन्हाळा खोटा नव्हता, पण आकडा खोटा होता. गाडीतही तसंच होतं. आवाज खरा असतो, पण पहिला निकाल खरा असेलच असं नाही.

पट्टा स्वतः बघा

गाडी बंद करून टॉर्चच्या उजेडात पट्ट्याची खाचांची बाजू पाहा. तुकडे उडालेले, धागे बाहेर आलेले, आडव्या भेगा जवळजवळ पडलेल्या, काचेसारखी चमक आलेली असेल तर पट्टा बदला. मात्र आजकालचं पट्ट्याचं रबर वेगळ्या जातीचं असतं. ते भेगा न पडता आतून झिजतं. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच यू अक्षरासारखी रुंद दिसू लागली, तर भेग नसली तरी त्याचं वय झालं. साधारण ६० हजार किलोमीटरनंतर दर सर्व्हिसिंगला बघावं आणि लाखाच्या आसपास बदलावा, असा बहुतेकांचा हिशोब असतो. शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या पुस्तिकेचा.

पट्ट्याची फक्त *एकच कड* उसवलेली असेल तर ती मोठी खूण आहे. पुली वाकडी आहे, नवा पट्टाही तशीच खाणार. माझ्या पहिल्या नव्या पट्ट्याची कड महिनाभरात उसवली होती. मी तो डिकीत टाकून ठेवला होता, पण पाहिलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट. पट्ट्याच्या पाठीवर ६पीके१२०० असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा धारांची संख्या, पीके हा खाचेचा प्रकार आणि शेवटचा आकडा लांबी मिलिमीटरमध्ये. नवा पट्टा घेताना हा नंबर पुस्तिकेशी किंवा कंपनीच्या मूळ पट्ट्याशी जुळवा. "थोडा लांब चालतो" म्हणून बसवलेला पट्टा टेन्शनरला सांभाळता येत नाही.

हे करू नका

साबण, मेण, पावडर, तेल किंवा आवाज बंद करणारा स्प्रे पट्ट्यावर मारू नका. आवाज दोन दिवस जातो, मग धूळ चिकटून पट्टा आणखी खराब होतो. गाडी विकताना काही लोक हीच युक्ती करतात. ऐब लपवून माल विकणं आपल्याकडे जायज नाही, हे कुणाला सांगायची गरज नाही. म्हणून गाडी घेताना ती थंड असताना, सकाळी सुरू करून ऐका. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

आवाज येतो म्हणून पट्टा गच्च ताणूनही घेऊ नका. जास्त ताण अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर येतो, म्हणजे शंभराचं काम हजारांवर जातं. पट्ट्यावर तेल किंवा कूलंट गळत असेल तर आधी गळती थांबवा, नंतर पट्टा टाका.

कधी थांबायचंच?

चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि सोबत तापमानाचा काटा वर चढू लागला, तर पट्टा तुटला किंवा निघाला असं समजा. जुन्या गाडीत स्टिअरिंगही एकदम जड होतं. अशा वेळी "पुढच्या गावापर्यंत जाऊ" हा विचार महाग पडतो. पाणी न फिरता चाललेलं इंजिन काही मिनिटांत तापतं आणि हेड गॅस्केटपर्यंत काम जातं. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

आता समृद्धी महामार्गामुळे हे जास्त महत्त्वाचं झालंय. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. शहरात वीस मिनिटं चालणारी गाडी तिथे तासनतास एका वेगात पळते. जे बेअरिंग सदर ते मोमिनपुरा रोज कुरकुरत निभावून नेतं, ते शिवमडक्याहून निघाल्यावर दुपारच्या उन्हात निभावेलच असं नाही. आणि सोबत अम्मी-अब्बा, लहान मुलं असतात, जवळ सावली नसते. लग्नाला निघण्याच्या आदल्या आठवड्यात बोनेट उघडून पाहा, आदल्या रात्री नाही.

एक फरक लक्षात असू द्या. हा बाहेरचा पट्टा वेगळा आणि टायमिंग बेल्ट वेगळा. टायमिंग बेल्ट झाकणाच्या आत असतो आणि बहुधा आवाज न करताच तुटतो. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. जुन्या मारुती ८०० मध्ये आणि २.५ लिटरच्या जुन्या डिझेल इनोव्हात असा बेल्ट आहे. अनेक नव्या गाड्यांत त्याऐवजी साखळी असते. तुमच्या गाडीत काय आहे ते पुस्तिकेत पाहा. बेल्ट असेल तर तो आवाजाची वाट न पाहता, ठरलेल्या किलोमीटरला बदला.

मिस्त्रीशी कसं बोलायचं?

डॉक्टरकडे गेल्यावर आपण "मला अमुक इंजेक्शन द्या" म्हणत नाही, लक्षणं सांगतो. इथेही "पट्टा बदला" म्हणून पाठवू नका. म्हणा, "सकाळी थंड गाडीत चिवचिव येते, एसीने फरक पडत नाही, पाणी मारलं की थांबते." मग विचारा, "पट्टा काढून पुल्या माझ्यासमोर फिरवाल का?" चांगला मिस्त्री यावर नाराज होत नाही. काढलेला जुना भाग मागून घ्या आणि स्वतः हाताने फिरवून पाहा.

माझी ती जुनी पुली आता आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. घर्षणाचा धडा आला की मी तिच्या शेजारी एक चांगली पुली ठेवते आणि मुलांना दोन्ही फिरवायला देते. मागच्या महिन्यात सहावीतली एक मुलगी दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "मॅडम, आमच्या अब्बूंची रिक्षा पण असंच बोलते." तिला मी सांगितलं, अब्बूंना म्हणावं, आज संध्याकाळीच दाखवून घ्या.